शंकू, समुद्रघोडा आणि बाबागाडी

जर्मनीत बिऱ्हाड केलेल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा सप्टेंबरमध्ये पहिलीत जातोय. बालवाडीतून चिठ्ठी आली आहे की शूलट्यूटे, म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला द्यायचा खाऊ-भेटींचा शंकू, पालकांनी घरी करावी. विकत आणली तर चालेल ना? आणि आत भरायचं काय?
(एक आई, म्युनिक)

उत्तर : विकतची चालते, पण बालवाडीतली बाकीची मुलं घरची आणणार असतील तर करूनच टाका, दोन संध्याकाळचं काम आहे. कागद-कलेच्या दुकानात पुठ्ठ्याचा कोरा शंकू मिळतो. पश्चिमेकडे आणि दक्षिणेत तो गोल आणि ७० सेंटिमीटरचा असतो, तर पूर्वेकडच्या राज्यांत सहाकोनी आणि ८५ सेंटिमीटरचा. तुम्ही ७० चाच घ्या. मोठा घेतला तर फोटोत पोराचं तोंडच दिसत नाही.

पहिली मोडतात ती टोकं. दमलं की मूल शंकू जमिनीवर टेकवतं आणि टोक दुमडतं. म्हणून आत आधी वर्तमानपत्राचे दोन-तीन घट्ट बोळे कोंबा. तोंडाला क्रेप कागदाची २५-३० सेंटिमीटर उंच पट्टी आतून लावा आणि वर रिबिनीने बांधा. इथे पातळ डिंक नको, क्रेप भिजून फाटतो आणि त्याचा रंगही उतरतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

भरताना वजनाकडे बघा, दीड किलोच्या वर नको, कारण शंकू त्यालाच मिरवायचा असतो. खाली खडू, रंगपेन्सिली, पाण्याची बाटली. वर दप्तराला लावायचे चमकणारे बिल्ले आणि थोडा खाऊ. चॉकलेट उन्हात वितळतं. आजीचे बेसनलाडू घालायचेच असतील तर झाकणाच्या डब्यात घाला, नाहीतर तूप पुठ्ठ्यातून बाहेर येतं. शंकू उघडायचा तो शाळेतून घरी आल्यावर. घरात धाकटं असेल तर त्याच्यासाठी ३५ सेंटिमीटरचा छोटा शंकू आणून ठेवा, म्हणजे भोकाड टळेल.

प्रश्न : मुलीला झेफेर्डशन, म्हणजे समुद्रघोड्याचा बिल्ला मिळाला. आता उन्हाळ्यात तळ्यावर तिला मैत्रिणींबरोबर पोहायला सोडावं का?
(एक बाबा, लाइपझिग)

उत्तर : नाही. बिल्ला पोहण्याच्या पोशाखावर शिवा, पेढे वाटा, पण ‘पोहायला येतं’ असा त्याचा अर्थ धरू नका. त्यासाठी काठावरून उडी मारून २५ मीटर पोहायचं, खांद्याइतक्या पाण्यातून हातांनी एक वस्तू वर काढायची आणि पोहण्याचे नियम सांगायचे, एवढंच लागतं. पालथं पोहताना पाण्यात श्वास सोडताना दिसायला हवं. बरीच मुलं इथेच अडतात : डोकं वर धरतात, की पाय खाली जातात.

जर्मनीत भरवशाचा पोहणारा धरतात तो पुढच्या, ब्राँझच्या बिल्ल्यापासून. त्यात १५ मिनिटं पोहून किमान २०० मीटर, त्यातले ५० दुसऱ्या अंगावर (पालथ्याचं उताणं किंवा उलट), मध्ये कुठेही न धरता. शिवाय २ मीटर खोल बुडी. तोपर्यंत तळ्यात ती तुमच्या हाताच्या अंतरावर हवी. वरचं पाणी कोमट लागतं, पण थोडं खाली गेलं की एकदम गार, आणि तळ मध्येच खचतो. दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांवर विसंबू नका. ब्राँझच्या वर्गाला मात्र आजच नाव घाला, प्रतीक्षायादी लांब असते.

प्रश्न : नाशिकहून सासू-सासरे येताहेत. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन म्युनिकहून नॉयश्वानस्टाइन किल्ला एका दिवसात होईल?
(एक वाचक, म्युनिक)

उत्तर : होईल, पण बाबागाडीवर भिस्त नको. ती किल्ल्याच्या आत नेऊ देत नाहीत. बाळाला पुढे बांधायची झोळी घ्या.

बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातलं एका दिवसाचं रेल्वे तिकीट, पाच जणांपर्यंत एकत्र निघतं, पण फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं आणि आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ नंतरच. किल्ल्याजवळच्या फ्यूसेन स्टेशनला सुमारे दोन तास, पुढे ७३ किंवा ७८ नंबरची बस. म्हणून प्रवेशाची वेळ दुपारी दोननंतरची आधीच आरक्षित करा. वेळ चुकली की तिकीट वाया. शनिवार-रविवारी नऊची अट नाही, पण गर्दी दुप्पट.

सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर आधी विचारा. पायथ्यापासून अर्धा-पाऊण तासाचा चढ. घोडागाडी थेट दारात नेत नाही, शेवटचा टप्पा चालावाच लागतो. आत चढउतार मिळून तीनशेहून जास्त पायऱ्या. त्यांना नको वाटलं तर खाली आल्पझे तळ्याकाठी बाकावर बसवा, आणि बाळाला त्यांच्याकडेच ठेवा. मग बाबागाडीचाही उपयोग होईल.