पश्चिमेच्या गॅलरीतली तुळस

प्रश्न : ताई, आमचा फ्लॅट कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी पश्चिमेला. रोज दोनदा पाणी घालूनही दर मे महिन्यात तुळस वाळते. तिथं हिरवं काही टिकेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : टिकेल की! आधी तो तांब्या खाली ठेवा. मातीत दोन पेरं बोट खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. माझ्या दोन तुळशी मी अशाच लाडानं मारल्या. कुंडी उपसली तर मुळं काळी, बुळबुळीत, वास मारणारी. कुजलेली मुळं पाणी ओढतच नाहीत, म्हणून पानं सुकतात आणि आपण अजून ओततो!

नुसती काळी माती भरू नका, ती कुंडीत घट्ट बसते. निम्मं पालापाचोळ्याचं खत मिसळा. सोसायटीत रोज झाडून पेटवतात ना, तोच पाला. (पेटवणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे.) तळाचं भोक मोकळं ठेवा. मंजिऱ्या खुडत राहा. बी धरलं की तुळस थकते.

कठड्याला सुतळी बांधून गोकर्ण चढवा आणि तुळस त्याच्या सावलीत सरकवा. सदाफुली, कोरफड ऊन सोसतात. मनीप्लांट मात्र आत. दुपारच्या उन्हात करपतो.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जरूर जा. फक्त तिथल्या डेलियांना भुलून पिशवी भरून आणू नका. मी आणली होती. एप्रिलमध्ये रिकाम्या कुंड्या उरल्या.