रग्बी लीगमध्ये 'सिक्स अगेन'वरून एवढे वाद का होतात? आणि जुन्या खेळाडूंशी तुलना करताना त्याचा काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की सिडनीत पॅरामॅटाला राहायला आल्यापासून दर सोमवारी ऑफिसात रग्बी लीगवरून जोरदार वाद ऐकू येतात. त्यात 'सिक्स अगेन' (बचावाच्या चुकीबद्दल टॅकलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं), 'रेसलिंग' आणि 'आमच्या वेळचे खेळाडू' हे तीन विषय हमखास असतात, पण त्यांचा एकमेकांशी काय संबंध ते कळत नाही. संबंध अगदी घट्ट आहे. टॅकल झालेला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी धरून थांबवलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो, त्या तीन-चार सेकंदांत तो सापडतो.

आधी एक खुलासा. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जी रग्बी तुम्ही पाहिली असेल ती रग्बी युनियन. रग्बी लीग वेगळी. 1895 मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्ड गावात उत्तरेकडच्या क्लबांनी खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून फारकत घेतली, आणि 1906 मध्ये संघ 13 जणांचा करून 'प्ले-द-बॉल' आणला. चेंडूवर ढीग करून झटापट करायची नाही. टॅकल पूर्ण झाला की धरलेल्याला सोडायचं, तो उठेल आणि खेळ पुढे जाईल. आज एका संघाला असे सलग सहा टॅकल मिळतात, त्याला 'सेट' म्हणतात; त्यानंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, म्हणून शेवटच्या टॅकलआधी तो बहुतेक वेळा किक करून दूर पाठवतात. लीगमधला जवळपास प्रत्येक नियमबदल या एका क्षणाभोवती फिरलेला आहे.

तो क्षण नीट समजून घ्या. टॅकल झालेला खेळाडू दोन्ही पायांवर उभा राहतो, प्रतिस्पर्ध्याच्या ट्राय लाइनकडे (जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की 'ट्राय', म्हणजे गुण, मिळतो) तोंड करतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे ढकलतो. मागे डमी हाफ, बहुतेक वेळा 9 नंबरचा हूकर, तो उचलतो. बचाव करणाऱ्यांपैकी जास्तीत जास्त दोघे, म्हणजे मार्कर, समोर एकामागे एक सरळ रेषेत उभे राहू शकतात. बाकीच्या सगळ्यांनी 10 मीटर मागे, रेफरीच्या रेषेत जायचं. आता हिशेब करा. चेंडू तीन सेकंदांत बाहेर आला तर बचावाची रांग अजून मागे पळतेय, पाय उलटे पडतायत. साडेचार सेकंद लागले तर तीच रांग उभी राहून, श्वास घेऊन, पुढे धावत येते. टॅकलपासून चेंडू मागे ढकलेपर्यंतच्या या क्षणाला 'रक' म्हणतात. वेगवान रकमुळे प्रत्येक धावेत फक्त दोन मीटर जास्त मिळाले, तरी पाच धावांत दहा मीटर होतात. शेवटच्या टॅकलआधीची किक स्वतःच्या 40 मीटरच्या रेषेवरून मारायची की मधल्या रेषेवरून, हे तिथेच ठरतं.

म्हणून प्रशिक्षकांची सगळी बुद्धी प्रतिस्पर्ध्याचा रक हळू करण्यात आणि आपला रक जलद करण्यात खर्च होते. रेसलिंग म्हणतात ते हेच. पहिला बचावपटू छातीवर, चेंडूच्या उंचीवर आदळतो, म्हणजे पास देता येऊ नये. दुसरा वरून मिठी घालून त्याला उभाच धरून ठेवतो. तिसरा पायांशी जाऊन त्याला फिरवतो आणि पाठीवर पाडतो. आपल्या कुस्तीत पाठ लागली की डाव संपला. इथे पाठ लागली की खेळाडूला आधी पालथं व्हावं लागतं, मग गुडघ्यावर, मग उभं, आणि त्यात मौल्यवान दीड सेकंद जातो. चेंडूवाला उलट पोटावर, कोपर-गुडघ्यांवर पडायची धडपड करतो, कारण तिथून एका झटक्यात उठता येतं. धडकेच्या आधी छोटं पाऊल बदलून बचावपटूच्या खांद्याच्या बाजूने जाणारा खेळाडू मीटर कमी मिळवला तरी रक जलद देतो. मैदानावर टाळ्या मात्र छातीवर छाती आपटणाऱ्याला मिळतात.

यात बिघडतं कुठे? तिसरा माणूस उशिरा येऊन सगळं वजन चेंडूवाल्याच्या पोटरी-घोट्यावर टाकतो, तो हिप-ड्रॉप. घोट्याचे आणि गुडघ्याचे स्नायुबंध त्यात तुटतात. मान छातीकडे दाबली जाते, तो क्रशर. हात मागे पिरगाळला तर चिकन विंग. हे तिन्ही प्रकार रक हळू करण्याच्या लोभातून येतात, रागातून फार क्वचित. समोरचा माणूस धडकेआधीच आपण होऊन खाली बसला तर रेफरी 'सरेंडर' ओरडतो आणि बचावाला थोडा जास्त वेळ देतो. हा शब्द ऐकू आला की समजायचं, चेंडूवाला थकलाय.

आता इतिहासाकडे. पॅरामॅटाचे सहकारी हे तुम्हाला अभिमानाने सांगतील. 1980 च्या दशकात बचावाला फक्त 5 मीटर मागे जावं लागे. प्रशिक्षक वॉरन रायनच्या कँटरबरी क्लबने त्याचा पुरेपूर फायदा घेतला आणि ग्रँड फायनलचे आकडे बघा: 1984 मध्ये कँटरबरी 6, पॅरामॅटा 4, 1985 मध्ये कँटरबरी 7, सेंट जॉर्ज 6, 1986 मध्ये पॅरामॅटा 4, कँटरबरी 2, आणि त्या सामन्यात एकही ट्राय नाही. पॅरामॅटाचं शेवटचं विजेतेपद ते हेच. रांग इतकी जवळ की पास हातात येईपर्यंत समोरचा अंगावर. 1993 मध्ये अंतर 10 मीटर केलं आणि खेळ मोकळा झाला.

पण 10 मीटर मागे जायला वेळ लागतो. तो वेळ बचावाला मिळवून देण्याचा एकच मार्ग उरला: चेंडूवाल्याला जमिनीवर धरून ठेवायचं. म्हणजे आजचं रेसलिंग ही 1993 च्या नियमाची थेट उपज आहे. मेलबर्न स्टॉर्म क्लबचे प्रशिक्षक क्रेग बेलामी 2003 पासून तिथे आहेत आणि त्यांच्या संघाने ही कला सगळ्यांच्या आधी शास्त्रशुद्ध केली. त्याबद्दल त्यांच्यावर झालेली टीका मला एकांगी वाटते. रेफरी ज्याला शिट्टी वाजवत नाही ते प्रशिक्षक शिकवणारच. त्यांचं काम तेच आहे.

पेनल्टी हा जुना उपाय. रक हळू केला की शिट्टी, चेंडू बाजूच्या रेषेबाहेर (टच) किक करून 30 मीटर कमवा, तिथून आणखी सहा टॅकल घ्या. शिक्षा कडक, पण खेळ थांबतो आणि दोन्ही संघांना दम खायला मिळतो. शिवाय सारख्या शिट्ट्या वाजवायला रेफरी कचरतात, आणि संघांना ते माहीत असतं. 28 मे 2020 ला, कोविडच्या खंडानंतर, एनआरएल (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची मुख्य क्लब स्पर्धा) पुन्हा सुरू झाली तेव्हा दोनऐवजी एकच रेफरी आणि त्याच्यासोबत 'सिक्स अगेन' आला. रकमधल्या चुकीला शिट्टी नाही. रेफरी हात उंच करून हलवतो, टॅकलची मोजणी शून्यावर येते, खेळ चालूच. 2021 मध्ये 10 मीटरच्या ऑफसाइडलाही, म्हणजे बचावपटू पुरेसा मागे न गेल्याच्या चुकीलाही, हेच लावलं.

यावरचे दोन्ही पक्ष अर्धे-अर्धे बरोबर आहेत, म्हणून वाद संपत नाही. बाजूने बोलणारे म्हणतात की चेंडू जास्त वेळ खेळात राहतो आणि चपळ खेळाडूंना जागा मिळते. खरं आहे. विरोधक म्हणतात की एकदा लाट लागली की ती थांबतच नाही. तेही खरं. दमलेला बचाव हळू मागे जातो, म्हणून पुन्हा चूक, पुन्हा सहा टॅकल, आणखी दमणूक. पूर्वी शिट्टीमुळे मिळणारा श्वास गेला. 2021 चा हंगाम याचा पुरावा आहे: एकतर्फी निकालांचा पाऊस पडला, आणि मेलबर्नने सलग 19 सामने जिंकून प्रशिक्षक जॅक गिब्सनच्या 1975 च्या ईस्टर्न सबर्ब्स क्लबचा विक्रम गाठला.

मला मात्र सगळ्यात मोठा दोष दुसरीकडे दिसतो, आणि तो चर्चेत कमी येतो. शिक्षेची किंमत टॅकलच्या आकड्यावर ठरते. चौथ्या टॅकलला सिक्स अगेन मिळालं तर सोनं. पहिल्या टॅकलला मिळालं तर हाती काय? एक जास्तीचा टॅकल. म्हणून हुशार संघ प्रतिस्पर्धी स्वतःच्या ट्राय लाइनजवळून निघत असताना पहिल्याच टॅकलला मुद्दाम त्याच्यावर पडून राहू लागले. एक टॅकल दिला, पण रांग जागेवर बसली आणि संपूर्ण सेटचा जोर मोडला. हे उघड झाल्यावर 2022 मध्ये दुरुस्ती केली: चेंडू असलेला संघ स्वतःच्या 40 मीटरच्या आत असेल तर पुन्हा पूर्ण पेनल्टी. दुरुस्ती योग्य दिशेची होती. या सीमारेषा हंगामागणिक हलवल्या जातात, त्यामुळे वाद घालण्याआधी त्या वर्षीचा नियम वाचून घ्या. निम्मी भांडणं दोन वेगवेगळ्या वर्षांचे नियम डोक्यात ठेवून चाललेली असतात.

प्रशिक्षकांच्या वादात पेनरिथ क्लबचं नाव येणारच. प्रशिक्षक आयव्हन क्लिअरींच्या संघाने 2021 ते 2024 सलग चार विजेतेपदं घेतली. सिक्स अगेनच्या काळात ते पुढे का राहिले? त्यांनी स्वतःच्या भागातल्या पहिल्या दोन-तीन धावा दमणाऱ्या प्रॉपवर (सर्वांत पुढचे धिप्पाड खेळाडू) सोडल्या नाहीत. ब्रायन टोओसारखे विंगर (मैदानाच्या कडेला खेळणारे), बुटके, खाली वाकून पाय चालवत राहणारे, पहिल्या धावा घेत. त्यांना पाठीवर पाडणं अवघड, म्हणून रक जलद. त्यावर संघाचा खेळ रचणाऱ्या नेथन क्लिअरीची उंच, खोल किक आणि तिच्यामागे एका रेषेत धावणारा पाठलाग. प्रतिस्पर्ध्याचा सेट कोपऱ्यातून सुरू होतो. 2023 च्या फायनलमध्ये ब्रिस्बेन 24-8 पुढे होतं आणि पेनरिथने 26-24 असा सामना काढला, त्यामागे हीच तयारी होती. शेवटच्या वीस मिनिटांत त्यांचे पाय चालत होते.

आता 'आमच्या वेळचे खेळाडू'. तुलना करण्याआधी तीन गोष्टी विचारा. टॅकलला मर्यादा होती का? 1966 पर्यंत ऑस्ट्रेलियात नव्हती. चेंडू सुटेपर्यंत तो तुमचाच. 1967 मध्ये चार टॅकल आले, 1971 मध्ये सहा. बचाव किती मागे, 5 की 10? आणि बदली किती? 1990 च्या दशकात अमर्याद बदल्यांचाही काळ होता. 2001 पासून 12, 2008 पासून 10, 2016 पासून 8.

या गाळणीतून पाहिलं की बरंच स्पष्ट होतं. सेंट जॉर्ज क्लबची 1956 ते 1966 ची सलग अकरा विजेतेपदं अमर्याद टॅकलच्या काळातली, आणि नियम बदलल्या वर्षीच ती साखळी तुटली, हे खरं. पण तोच नियम बाकीच्या क्लबांनाही होता आणि 1959 मध्ये ते एकही सामना हरले नाहीत, त्यामुळे 'नियमामुळे जिंकले' हे मला पटत नाही. ईस्टर्न सबर्ब्सच्या डेव्ह ब्राउनच्या 1935 मधल्या 15 सामन्यांतल्या 38 ट्राय अजूनही एका हंगामाचा विक्रम आहे, पण ते कँटरबरीचं पहिलंच वर्ष होतं आणि त्यांच्याविरुद्धच्या 87-7 च्या एका सामन्यात ब्राउनने एकट्याने 45 गुण केले. आर्थर बीटसन धिप्पाड प्रॉप, धरला गेला तरी हात मोकळा ठेवून पास देणारा. 5 मीटरच्या काळात रकनंतर समोर भिंतच उभी असे. रक होण्याआधीच चेंडू पुढे सरकवणं म्हणजे ती भिंत टाळणं. आजच्या खेळात तो अर्धा वेळ बाकावर बसवला गेला असता, पण मैदानावरच्या प्रत्येक मिनिटाला त्याचं मोल तेवढंच राहिलं असतं. वॉली लुईसचे लांब पास आणि स्टेट ऑफ ओरिजिनमधले (क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ही मालिका) आठ सामनावीर पुरस्कार त्याच अरुंद जागेतले आहेत, म्हणून मी त्याला आजच्या कुठल्याही फाइव्ह-एटथच्या (6 नंबरचा, खेळ रचणारा खेळाडू) वर ठेवतो. अँड्र्यू जॉन्सला 10 मीटर मिळाले, पण त्याचा किकिंग गेम कुठल्याही काळात चालला असता. आणि रक समजून खेळणारा सर्वश्रेष्ठ कोण, याला माझं उत्तर मेलबर्नचा हूकर कॅमरन स्मिथ: 430 सामने, वेग फारसा नाही, अंगकाठी साधी, पण दोन्ही बाजूंचा रक किती सेकंदांचा असेल हे तोच ठरवायचा.

पुढच्या सामन्याला पॅरामॅटाच्या स्टेडियमवर गेलात तर शक्यतो ट्राय लाइनच्या मागे, वरच्या रांगेत बसा. तिथून बचावाची रांग आडवी पूर्ण दिसते, बाजूने दिसत नाही. टॅकल पूर्ण झाल्याच्या क्षणापासून पाय चेंडूला लागेपर्यंत मनात मोजा. तीनच्या आसपास आलं तर नजर लगेच 9 नंबरवर न्या; तो मार्करच्या बाजूने निघणार. चारच्या पुढे गेलं तर बाहेरचे सेंटर पाहा, कारण रांग पुढे येतेय आणि चेंडू आता तिच्या टोकाकडे न्यावा लागेल. दोन्ही संघांचे पहिले दहा सेट असे मोजून झाले की सोमवारच्या वादासाठी फलकावरच्या गुणांपेक्षा जास्त माहिती तुमच्या हाती असेल.