कॅचर पोरं मोठी झाल्यावर कॅचरच राहतात का? पालकांचे प्रश्न

शाळांच्या सॉफ्टबॉल टीम निवडायला सुरुवात झाली की माझा फोन त्याच त्याच प्रश्नांनी भरून जातो. मी स्पोर्ट्स फिजिओ आहे आणि शाळेत असताना स्वतः कॅचर होते (बॅटरच्या मागे उकिडवं बसून पिचरने टाकलेला बॉल पकडणारी), त्यामुळे विषय जवळचा आहे. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेते.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, टीमची कॅचर आहे. सर म्हणतात ही पुढेही कॅचरच राहणार. खरंच राहतात का मुलं? – एक आई, चेंबूर

काही राहतात, बरीचशी राहत नाहीत, आणि अकराव्या वर्षी हे कोणालाच सांगता येत नाही, सरांनाही नाही. या वयात कॅचर कसा निवडतात ते मी रोज बघते. बॅट फिरत असताना डोळे न मिटता बॉल पकडणारं पोर टीममध्ये एखादंच असतं, त्याला मास्क घालून मागे बसवतात, झालं. पुढे काम बदलतं ना पण. मोठ्यांच्या मैदानावर होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, समोरचा सेकंड बेस जवळजवळ २६ मीटर लांब, आणि पिचरच्या हातातून बॉल सुटला की रनर पुढच्या बेसकडे पळायला मोकळा, म्हणजे कॅचरने बसल्या जागेवरून उठायचं, पाय वळवायचे आणि रनर पोचायच्या आत तेवढा लांब सरळ थ्रो मारायचा. वर पिचरला इशारे द्यायचे, सगळ्या फिल्डिंगवर लक्ष ठेवायचं. त्यात उंची भराभर वाढायला लागली की काही महिने पोरांना स्वतःचे हातपायच सापडत नाहीत, थ्रो हुकतात, आणि लगेच "हिचं संपलं" म्हणून आउटफिल्डला पाठवून देतात. असं घाईघाईने करू नये, आणि "ही कॅचरच" असा शिक्काही मारू नये.

बेसबॉलमध्ये बघा, क्रेग बिजिओ कॅचर होता तो सेकंड बेसला गेला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत पोचला. जो मॉअरही कॅचर, तो २०१३ मध्ये डोक्याला मार बसल्यावर फर्स्ट बेसला गेला. उलट बस्टर पोझी कॉलेजात शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) होता, तिथेच कॅचर झाला. चौदा-पंधरापर्यंत मुलीला अजून एक तरी पोझिशन खेळू द्या, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा फिजिओकडून गुडघे, घोटे, खांदे तपासून घ्या.

सतत उकिडवं बसल्याने उंची खुंटते असं ऐकलंय. – वडील, डोंबिवली

नाही खुंटत. त्या भीतीपोटी उंची वाढवायच्या पावडरीचे डबे आणत असाल तर आजच बंद करा.

डावखुऱ्या मुलीला कॅचर करता येतं का? – काकू, विलेपार्ले

येतं. नियमात कुठेही मनाई नाही.

मुलगा १३ वर्षांचा, कॅचर. चार महिने गुडघ्याखाली दुखतंय, टेंगूळही आलंय. सर म्हणतात वाढीचं दुखणं आहे, जाईल. बाम लावतोय. – एक आई, भांडुप

चार महिने! ताई, तुमच्यावर रागावत नाही, पण हे वाचून जीव खालीवर होतो.

गुडघ्याच्या वाटीपासून खाली येणारा जाड दोर नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथे या वयात हाड पक्कं नसतं, कूर्चा असते. हाडं लांब होतात, मांडीचे स्नायू तेवढ्या वेगाने लांबत नाहीत, ताणलेले राहतात. सात इनिंगच्या मॅचमध्ये कॅचर शंभरावर वेळा बसतो-उठतो, आणि दर वेळी तो दोर त्याच जागी ओढला जातो. तिथे सूज, टेंगूळ, दुखणं. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. माझ्याकडे पोरं येतात तेव्हा मी त्या टेंगळावर अंगठा नुसता टेकवते आणि पाय झटकन मागे जातो. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की थांबतं, तोवर बसणं कमी करायचं, मांडीचं स्ट्रेचिंग करायचं, काही आठवडे दुसऱ्या पोझिशनवर खेळायचं.

पण हे बघितल्याशिवाय कोणी ठरवलं? माझी खरी काळजी पुढे आहे. या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या पट्टीवरून (जिथून हाड लांब होतं तो कूर्चेचा भाग) सरकतो, आणि पोरगं हात मात्र गुडघ्यावर ठेवतं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, सहा आठवडे गुडघ्याला मालिश चालू होतं, मी त्याला आडवं झोपवून गुडघा छातीकडे नेला तर पाय सरळ येईचना, बाहेरच्या बाजूला वळत होता. दुसऱ्याच दिवशी त्याचं ऑपरेशन झालं. अशा दुखण्यात उशीर झाला तर खुबा कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून मुलगा लंगडत असेल, पाऊल बाहेर वळत असेल, जांघेत किंवा मांडीत दुखत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, अख्खा गुडघा सुजला असेल किंवा ताप असेल तर त्याला चालवत फिरवू नका, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे न्या. केईएम, सायन, नायर, कुठेही न्या. यातलं काहीच नसेल तरी या आठवड्यात दाखवा. बाम ठेवून द्या.

मुलगी सकाळच्या मॅचला पिचर, दुपारी कॅचर. पिचिंग खालून असतं म्हणून हाताला काही होत नाही म्हणतात. – वडील, ठाणे

कोण म्हणतं? खालून टाकणाऱ्या पिचरचेही खांदे दुखतात, मी बघते ना. आणि कॅचरला तर जवळजवळ प्रत्येक बॉल पिचरकडे वरून परत फेकायचा असतो, तो कोणी मोजतच नाही. एका दिवशी दोन्ही नको. खांदा किंवा कोपर दुखतंय म्हणाली की थ्रो बंद आणि तपासणी.

पोटरीला बांधायचे फोमचे तुकडे मिळतात, दुकानदार म्हणतो गुडघे वाचतात. घेऊ का? – आई, दादर

खोल बसल्यावर थोडा आधार मिळतो, पण त्याने दुखापत टळते असं कुठे सिद्ध झालेलं नाही. आधी मापाचा मास्क, हेल्मेट, गळ्याचं गार्ड, छातीचं गार्ड घ्या. मोठ्या भावाचं ढगळ किट चालणार नाही. धोबीतलावला जाल तेव्हा पोराला सोबत न्या, किट घालून दुकानातच कॅचरसारखं बसायला लावा, गुडघ्याची वाटी गार्डच्या बाहेर येत असेल तर ते परत द्या, दुकानदार "वाढत्या अंगाचं आहे, होईल बरोबर" म्हणाला तरी.

रविवारी ट्रायल आहे. थ्रोच्या हाताचा अंगठा बॉल लागून सुजलाय, निळा पडलाय. टेप लावून आणि गोळी देऊन चालेल का? मुलगी १२ ची. – आई, मुलुंड

नाही. आजच एक्स-रे काढा, या वयात वाढीच्या पट्टीतून हाड मोडलेलं असू शकतं. आणि बरी झाली की सरांना सांगा, बेसवर रनर नसेल तेव्हा मोकळा हात मुठीत वळून टाचेमागे ठेवायला शिकवा.