पितळी तांब्या आणि काळे ठिपके

काय गं, कशी आहेस?

मेल परवाच वाचली, पण ऑफिसात रिलीज चालू होतं म्हणून उत्तराला उशीर झाला. आणि पहिलं म्हणजे मला सर म्हणू नकोस, मी बँकेच्या सॉफ्टवेअरमधला माणूस, ग्राफिक्स हा आपला रात्री जेवण झाल्यावरचा उद्योग. दादा चालेल.

तुझ्या रे ट्रेसरनं, म्हणजे उजेडाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमनं, काढलेला तांब्या मस्त आलाय. खरंच. लोक पहिल्या दिवशी नेटवरून ती उटाहची किटली, सरावाचं ठरलेलं थ्रीडी मॉडेल, डाउनलोड करतात, तू घरातला तांब्या पट्टीनं मोजून त्रिकोणांतून वळवलास. गंमत म्हणजे ती किटलीपण अशीच आलेली, १९७५ मध्ये मार्टिन न्यूएलनं घरातली चहाची किटली ग्राफ पेपरवर हातानं काढली आणि तिथून ती कॉम्प्युटरवर गेली. तेव्हा घरातली भांडी मोजणं हे या धंद्यातलं जुनंच काम आहे.

आता फोटोतल्या तांब्यावरचे ते काळे ठिपके. तू लिहिलंयस की नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात बाहेर जाणाऱ्या दिशा, चुकलेत वाटतं, सगळं गणित परत लिहायला घेते. थांब जरा. मी फोटो झूम करून बघितला, नॉर्मल चुकले असते तर अख्खे त्रिकोणच्या त्रिकोण काळे पडले असते, तुझ्याकडे मात्र मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतंय आणि तेही फक्त उजेडाच्या बाजूला. म्हणजे काय होतंय बघ, किरण तांब्यावर आपटतो, तू तो बिंदू काढतेस, पण फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अपूर्णांक ठेवतो त्या प्रकारात, जेमतेम सात आकडे धड राहतात, मग तो बिंदू कधी पृष्ठभागाच्या केसभर वर पडतो तर कधी केसभर आत. आत पडला की तिथून दिव्याकडे सोडलेला सावलीचा किरण निघतानिघताच त्याच तांब्याला धडकतो आणि तुझा कोड म्हणतो, इथे सावली आहे. तांब्या स्वतःच्याच सावलीत! याला शॅडो अ‍ॅक्ने म्हणतात, सावलीच्या पुटकुळ्या. उपाय एका ओळीचा आहे, सावलीचा किरण सोडायच्या आधी बिंदू नॉर्मलच्या दिशेनं ०.००१ इतका बाहेर सरकव. फार सरकवलास तर सावली तांब्याच्या बुडापासून सुटून तरंगायला लागते, तेव्हा तुझ्या मापांप्रमाणे आकडा हलवून बघ. मी या एका ओळीसाठी दोन रात्री घालवल्यात, म्हणून एवढं ऐटीत सांगतोय.

चाळीस मिनिटं लागतात म्हणालीस. आधी सांग, डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायची हळू आवृत्ती, चालवत नाहीयेस ना? हसू नकोस, सगळे चालवतात. ऑप्टिमायझेशन चालू कर, नुसत्या तेवढ्यानंच कितीतरी पट फरक पडतो. तरीपण हिशोब कर, १२८० बाय ७२० चा फोटो, पिक्सेलला १६ किरण, म्हणजे जवळपास १ कोटी ४७ लाख किरण, आणि प्रत्येकाला तू तांब्याचे तीन हजारच्या तीन हजार त्रिकोण विचारतेस, तुला लागला का, तुला लागला का. ४,४०० कोटी चौकश्या झाल्या की, सावल्या अजून धरल्याच नाहीत. पोस्टमन असा अख्खं पुणं दार वाजवत फिरत नाही, आधी पेठ, मग गल्ली, मग वाडा. तसे त्रिकोण खोक्यांत भर, खोक्यांचं मोठं खोकं कर, आणि किरण मोठ्या खोक्याला शिवलाच नाही तर आतलं काही विचारायचंच नाही. याला बीव्हीएच म्हणतात, त्या नावानं शोधून बघ, एका वीकेंडचं काम आहे.

आणि मेलच्या शेवटी हळूच लिहिलंयस की हे सगळं टाकून रस्ट या भाषेत, ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलणारं व्हल्कन वापरून नवीन सुरू करू का. नको गं. व्हल्कन वाईट आहे म्हणून नाही, पण तिथे पहिला त्रिकोण स्क्रीनवर दिसेपर्यंत हजारभर ओळी होतात आणि तेवढ्यात तुझी सेमिस्टर आणि उत्साह दोन्ही संपेल. हे तुझं तिसरं नवीन असेल, मी मोजतोय.

माझं सांगतो. २००७ ते २०१० मी एक गेम इंजिन तीनदा पहिल्यापासून लिहिलं, दरवेळी आर्किटेक्चर आधीपेक्षा भारी, आणि गेम शून्य. आज त्याचा एक स्क्रीनशॉटसुद्धा नाहीये माझ्याकडे. त्याच काळात मावशी म्हणाली, एवढा त्या डब्यासमोर बसतोस तर मला रांगोळीसाठी १५ ते ८ च्या ठिपक्यांची पानं छापून दे, हातानं सरळ येत नाहीत. म्हटलं दोन लूपचं काम. मधल्या ओळीत १५, वर-खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, एकूण १६९ ठिपके, आडवं उभं अंतर सारखं, प्रिंट काढून दिली. तिनं चष्मा वर करून एकदा बघितलं आणि म्हणाली, उभट झालीये रे ही. बरोबरच होतं, आडवे ठिपके १ वर असतील तर ओळींमधलं अंतर ०.८६६ पाहिजे, तरच सहाही बाजूंनी सारखं पडतं. तिला तो आकडा माहीत नव्हता, डोळ्याला कळलं. दोन संध्याकाळींचा प्रोग्रॅम तो, पण दरवर्षी वसुबारसेच्या आधी तिचा फोन येतो, पानं काढलीस का.

हां, फोटोखालचं नाव. तुला जायचं होतं "पितळी तांब्या" आणि दिसतंय "पतिळी तांब्‌या", मी आधी खरंच वाचत बसलो की पतिळी म्हणजे काय. तू एकेक अक्षरकोड घेऊन ओळीनं चिकटवतेस, पण ऱ्हस्व वेलांटी साठवताना प नंतर असते आणि काढताना प च्या आधी, जोडाक्षरांचं तर वेगळंच. हे नियम स्वतः लिहायला बसू नकोस, इथे माझा सल्ला एकदम उलटा आहे, अक्षरं नीट जुळवून देणारी हार्फबझ लायब्ररी घे आणि तिला भाषा मराठी आहे हे नक्की सांग, नाहीतर फॉन्टमध्ये आपला ल असूनसुद्धा हिंदीवाला येतो.

काळ्या ठिपक्यांचा हा तांब्याचा फोटो डिलीट करू नकोस, तारीख टाकून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव. मग ती ०.००१ वाली ओळ टाक आणि नवीन फोटो पाठव. रविवारी फोन केलास तरी चालेल, पण दहानंतर, त्याआधी भाजी आणायची असते.

दादा