बोडीला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

बोडी म्हणजे कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणीचं ओस पडलेलं गाव, आता पार्क आहे. बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे) आपले बरेच लोक योसेमिटी नॅशनल पार्कला जोडून बोडी करतात, मस्तच प्लॅन आहे, फक्त टायोगा पास (योसेमिटीतून तिकडे जाणारा घाटरस्ता) उघडाय का ते आधी बघा, हिवाळ्यात तो बंद असतो आणि बोडीचा रस्ताही बर्फाखाली जातो. गाडीची टाकी जवळच्या ब्रिजपोर्ट गावातच फुल करा, खायचं पण तिथूनच घ्या, कारण पार्कात खायला काहीच मिळत नाही. शेवटचे ३ मैल कच्चा रस्ता, हाडं खिळखिळी होतात, हळू चालवा. उंची ८,३७५ फूट, त्यामुळे दम लागतो, आईबाबा सोबत असतील तर घाई नको.

१८५९ ला इथे सोनं सापडलं, १८८० च्या आसपास हजारोंची वस्ती होती, मग सोनं आटलं आणि माणसं गेली. १९६२ पासून स्टेट पार्क. घरं नवीकोरी करत नाहीत, फक्त पडू देत नाहीत, मला हेच जाम आवडतं. बहुतेक घरांना कुलूप, खिडकीतून बघायचं. काचेवर उजेड पडतो म्हणून दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून काचेला नाक लावा, मग शाळेतले बाक नि पृथ्वीचा गोल नीट दिसतो. फोटो सकाळीच काढा, दुपारचं ऊन फार चरचरीत.

स्टँडर्ड मिलची (सोन्याचे दगड कुटायच्या जुन्या गिरणीची) टूर असेल तर सोडू नका, तिकीट वेगळं लागतं.

आणि हो, गंजका खिळासुद्धा उचलायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे. शाप लागतो म्हणून घाबरून लोकं वस्तू पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र :)