जुना सागवानी गोठा न पाडता शिबिरासाठी निवासी जागा करता येईल का?

तुमचा प्रश्न असा: यवतमाळ जिल्ह्यात आजोबांच्या काळचा सागवानी गोठा आहे, वर कवेलू (कौलं), गुरं आता दोनच उरलीत. तो न पाडता २५-३० जणांच्या शिबिराची पर्यावरणपूरक जागा करायची आहे, तर सुरुवात कुठून करावी?

करता येतं. वर्ध्याकडे आमच्या शेतातला गोठा आम्ही असाच बदलून घेतला, तिथे आता शिबिरं होतात. माझं सांगणं मुख्यतः एकच: गोठ्यात खोल्या पाडू नका. जिथे पाणी सांडतं आणि जिथे जाळ होतो, म्हणजे संडास, न्हाणी, सैपाकघर, ते सगळं बाहेर, थोडं लांब. आत एकच मोठं, कोरडं दालन ठेवा. जुन्या लाकडाला मारते ती ओल. ती आत आलीच नाही तर तो सांगाडा तुमच्या नातवंडांनाही पुरेल.

आराखडा काढण्याआधी सुतार बोलवा. पलंग-कपाटवाला नाही, घरं उभी केलेला म्हातारा सुतार. प्रत्येक खांब हातोडीने वाजवून पाहायचा, पोकळ आवाज आला तिथे टोचा घालायचा. लाकूड बहुतेक दोनच ठिकाणी गेलेलं असतं: खांबाच्या तळाला हातभर, आणि वर आढ्यापाशी, जिथे फुटक्या कवेलूतून वर्षानुवर्षं पाणी गळलं. सागाच्या गाभ्याला उधई (वाळवी) सहसा लागत नाही. ती खाते बाहेरचं पांढरं लाकूड आणि आडजातीच्या बल्ल्या. तळ कुजला म्हणून अख्खा खांब बदलायचं कारण नाही. जॅकवर भार घेऊन कुजका भाग कापायचा, खाली उंच दगड बसवायचा किंवा सागाचाच तुकडा सांध्याने जोडायचा. खांबाभोवती सिमेंट मात्र ओतू नका, ओल तिथेच कोंडते. पाडलेल्या वाड्यांचा माल विकत घेणार असाल तर पक्की पावती घ्या आणि वाहतुकीआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा. सागवान आहे, रस्त्यात अडवतात. लाकडाला रंग नको, दोन-तीन हात जवसाचं तेल द्या.

जमिनीकडे कोणी लक्ष देत नाही. गुरांचं मूत वर्षानुवर्षं जिरून तिच्यात क्षार भरलेले असतात. वर नुसती फरशी घातली तर पावसाळ्यात वास येतो आणि भिंतींना लोणा (पांढरे क्षार) लागतो. फूटभर माती खणून काढा (शेतात टाका, खतच आहे ते), मुरूम भरून धुम्मस करा, मग फरशी. सारवलेली जमीन फोटोत छान दिसते, पण ३० जणांच्या पावलांखाली ती दर आठवड्याला सारवावी लागते आणि ते काम गावातल्या कुणा बाईच्याच कमरेवर येतं. आम्ही फक्त ओसरी सारवलेली ठेवली.

काळ्या मातीचं तर तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून संडास-न्हाणीचं पक्कं बांधकाम जुन्या सांगाड्याला चिकटवू नका, दोन्ही वेगवेगळे हलतात आणि मधे तडा जातो. नव्या बांधकामाचा पाया मुरमापर्यंत न्या. शोषखड्डा काळ्या मातीत नीट जिरत नाही. सेप्टिक टाकी करून तिचं पाणी गिट्टी-वाळूच्या वाफ्यातून कर्दळीला सोडलेलं बरं, आणि हे सगळं विहिरीपासून दूर.

पाण्याचा हिशेब आधी करा, पलंगांचा नंतर. माणशी ५५ लिटर धरले तरी ३० जणांना रोज १,६५० लिटर. शहरातली मंडळी त्यावर भागवत नाहीत, दुप्पट धरा. १५० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १५,००० लिटर होतात, त्यातले थोडे वाया जातात. एवढं साठवायला टाक्या महाग पडतात, ते गाळून विहिरीत सोडा.

आता छप्पर. कवेलू ठेवायचे असतील तर वानरांचा विचार करा, उड्या मारून ती कवेलू फोडतात. आमच्याकडे अर्ध्या गावाने कवेलू काढून टिना टाकल्या त्या काही हौसेने नाही. पण मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की टिनेखाली माणूस बसू शकत नाही. आम्ही मंगलोरी कवेलू घातले आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत केलं, मधे हवा खेळती ठेवली. बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घ्या, नाहीतर भुंगा भुसा पाडतो. एसी नको. इथली उन्हाळ्याची हवा कोरडी असते, वाळ्याच्या ताट्या नि कुलर पुरतो. पावसाळ्यात कुलरचा उपयोग नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी वारा यायला हवा. कवेलूखालचा गारवा अनुभवायचा असेल तर भर मे महिन्यात, दुपारी, सेवाग्रामच्या बापू कुटीत जाऊन बसा. माती, लाकूड, बांबू आणि कवेलू, एवढंच आहे तिथे. वर्ध्यालाच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही खेड्यांसाठी तंत्रं शोधणारी संस्था आहे. त्यांनी शंकूच्या आकाराचे कवेलू एकात एक घालून कमानीचं छप्पर बसवायची पद्धत काढली. बाहेरच्या सैपाकघरासाठी विचार करण्यासारखी आहे.

लाकडी छपराखाली माणसं झोपणार, म्हणून सगळं वायरिंग पाइपातून घ्या, दोन टोकांना दोन दारं ठेवा आणि पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग लांब हलवा. कागदपत्रांसाठी राज्याचं २०२०चं कृषी पर्यटन धोरण वाचा, अमरावतीच्या पर्यटन कार्यालयात जाऊन या, आणि अकृषक परवानगीबद्दल तहसीलमधून लेखीच उत्तर घ्या.

छप्पर उघडायचं ते होळीनंतर, आणि मृगाच्या आत बंद झालं पाहिजे. सांध्यांबद्दल आणखी सांगू शकेन, पण फोटो टाकाल तर खांबांच्या तळाचे आणि आढ्याखालचे टाका, समोरून काढलेला नको.