आधी रकाने, मग आकडे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. मराठी दैनिकांतल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांचं आशय विश्लेषण, म्हणजे मजकूर ठरावीक रकान्यांत नोंदवून मोजणं, करायचं ठरवलंस, याचं मनापासून समाधान वाटलं. फक्त तक्ते काढायची घाई करू नकोस.

'आत्महत्येचं कारण' असा एकच रकाना तू ठेवला आहेस. आता 'कर्जबाजारीपणाला कंटाळून शेतकऱ्याने जीवन संपवले' हे नेहमीचं वाक्य घे. हे कारण सांगतंय कोण? घरचे, पोलीस, तलाठी की खुद्द वार्ताहर? त्यासाठी वेगळा रकाना हवा. बातमीत कुणाचंच नाव नसेल तर 'स्रोत नाही' अशी नोंद कर. माझ्या मते तुझ्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा रकाना हाच ठरेल, कारण मेलेल्या माणसाच्या वतीने कोण बोलतं हे त्यातूनच दिसेल. शीर्षकात कर्ज आणि मजकुरात आजारपण असेल तर काय नोंदवायचं, हेही संकेतपुस्तिकेत, म्हणजे नोंदींच्या नियमांच्या वहीत, उदाहरणासकट लिही.

दर सातव्या दिवसाचा अंक घेतलास तर वर्षभर एकच वार हाती लागेल. त्याऐवजी सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक, मंगळवारांतून एक, असा आठवडा रचून घे. एका अमेरिकी दैनिकाच्या वर्षभराच्या अंकांसाठी असे दोन आठवडे पुरतात, असं रिफ, ऑस्ट आणि लेसी या संशोधकांनी १९९३ साली दाखवलं. तुझ्या बातम्या मात्र रोज येत नाहीत आणि हंगामानुसार कमीजास्त होतात, त्यामुळे तुला बरेच जास्त अंक लागतील. आवृत्तीही आधी ठरव. यवतमाळची बातमी पुणे आवृत्तीत शोधून उपयोग नाही.

आता दुसरा कोडर, म्हणजे त्याच बातम्या तुझ्याप्रमाणे रकान्यांत नोंदवणारी दुसरी व्यक्ती. ज्या मैत्रिणीशी तू या विषयावर रोज बोलतेस तिला घेऊ नकोस. हातात फक्त संकेतपुस्तिका असलेली व्यक्ती हवी. दोघींचं ८६ टक्के जुळलं म्हणून खूश होऊ नकोस. समज, १०० बातम्यांपैकी प्रत्येकीने आपापल्या मते ९० बातम्यांचा सूर 'तटस्थ' आणि १० बातम्यांचा 'तटस्थ नाही' असा ठरवला. मग नुसत्या योगायोगानेच ८२ बातम्या जुळल्या असत्या. योगायोगापलीकडे जुळण्यासारख्या उरल्या १८, त्यांतल्या जुळल्या ४. योगायोग वगळून जुळणी मोजणारा आकडा, कोहेनचा कॅपा, येतो जेमतेम ०.२२. क्रिपेनडॉर्फ हा अभ्यासक अशाच आपल्या मापासाठी, अल्फासाठी, ०.८०० मागतो आणि ०.६६७ च्या खाली गेलेल्या आकड्यावर निष्कर्ष काढू देत नाही. आकडा घसरला तर कोडरला दोष देऊ नकोस, रकान्याची व्याख्या पुन्हा लिही आणि नव्या बातम्यांवर पुन्हा तपास.

प्रस्तावनेतलं 'शेतकरी आत्महत्या का करतात याचा शोध' हे वाक्य मात्र काढच. छापलेला मजकूर ते सांगू शकत नाही. वृत्तपत्रं त्या मृत्यूचं कारण काय म्हणून छापतात, एवढंच त्यातून कळतं, आणि तेही फार मोठं काम आहे.

तीस बातम्यांवर दोघींनी स्वतंत्रपणे भरलेले तक्ते पाठव. जिथे जुळलं नाही त्या ओळींवर खूण कर. आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू.

तुझा,
सर